एका कोयत्यात दोन माणसं



गौरी-गणपती झाले की आपल्या डोंगरपट्ट्यात मुकादमाच्या फेऱ्या वाढतात. मोटारसायकल दारात उभी राहते, ओट्यावर चहा होतो आणि मग प्रश्न येतो, "औंदा कोयता जायचा का?" किती माणसं येणार, असं कुणी विचारत नाही. कोयते किती, असं विचारतात. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको, दोघं मिळून. एकटा माणूस असला तर तो अर्धा कोयता. आपल्याला हे इतकं सवयीचं झालंय की त्यात काही वेगळं आहे असं वाटतच नाही.

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक होती. एका वहिनीनं मोबाइलवर एक फोटो दाखवला. उचलीच्या कागदाचा. मला म्हणाली, "ताई, ह्याच्यात माझं नाव कुठं हाय?" मी नीट वाचलं. मुकादमाचं नाव होतं, तिच्या नवऱ्याचं होतं, रक्कम होती, दोन साक्षीदार होते. तिचं नाव नव्हतं. ती बारा हंगाम कारखान्याला गेलेली बाई आहे. मी तिला म्हटलं, मी शोधते आणि सांगते. आजचं बोलणं म्हणजे त्या वहिनीला दिलेलं उत्तर आहे. ते जरा लांबचं आहे, कारण तिचं नाव त्या कागदावर का नाही हे समजून घ्यायला शंभर वर्षं मागं जावं लागतं.

आधी ऊस कुठून आला ते बघू. ऊस आपल्याकडं जुनाच. पण तो गुळापुरता होता. विहिरीवर मोट, चार-सहा गुंठे ऊस आणि गावातलं गुऱ्हाळ. तोडायला घरची नाहीतर गावचीच माणसं. इंग्रजांच्या काळात नीरा आणि प्रवरा या नद्यांवर कालवे निघाले. १९२० च्या दशकात भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं, भाटघरचं मोठं धरण झालं. पश्चिमेकडच्या पट्ट्यात बारमाही पाणी आलं आणि एकरच्या एकर ऊस उभा राहिला. त्यापाठोपाठ साखर कारखाने आले. बेलापूर कंपनीचा हरेगावचा, वालचंदनगरचा, आणि सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी अकलूजजवळ माळीनगरला काढलेला. कंपन्यांची स्वतःची मोठी शेती असायची, तिथंच मजुरांच्या वस्त्या असायच्या.

आपलं नशीब खऱ्या अर्थानं उसाला बांधलं गेलं ते सहकारी कारखान्यांपासून. प्रवरानगरला, लोणीजवळ, विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना उभा केला. १९५०-५१ हा त्याचा पहिला हंगाम. सावकाराच्या आणि व्यापाऱ्याच्या हातून शेतकऱ्याला सोडवणारं ते मोठं काम होतं, यात शंका नाही. प्रवरेचं बघून नगर, सोलापूर, सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे असे जिल्ह्याजिल्ह्यांत कारखाने झाले. आज राज्यात दोनशेच्या आसपास कारखाने गाळप करतात.

आता यातली अडचण लक्षात घ्या. सहकारी कारखान्याचा ऊस एका जागी नसतो. हजारो सभासद, कुणाचा एक एकर, कुणाचे पाच. आणि ऊस तोडला की तो थांबत नाही, चोवीस तासांच्या आत गाळला नाही तर वजन घटतं, साखर उतरते. कारखाना दिवसरात्र चालतो. म्हणजे रोज ठरलेला ऊस गव्हाणीत पडलाच पाहिजे. प्रत्येक शेतकऱ्यानं आपापला ऊस आपल्या सवडीनं आणायचा म्हटलं तर कारखाना एक दिवस तुडुंब आणि दुसऱ्या दिवशी रिकामा. म्हणून तोडणी आणि वाहतूक कारखान्यानं आपल्या हातात घेतली. त्यासाठी अशी माणसं हवी होती की जी सहा महिने फडाजवळ राहतील, सांगेल त्या शेतात जातील, रात्री-अपरात्री गाडी भरतील आणि पट्टा पडला की निघून जातील. गावचा मजूर हे करत नाही. त्याला घर असतं, सण असतो, संध्याकाळी परत जायचं असतं.

अशी माणसं मिळाली ती आपल्याकडं. बालाघाटाच्या डोंगररांगेतले तालुके बघा. पाटोदा, आष्टी, शिरूर, वडवणी, धारूर, केज, आणि शेजारचे पाथर्डी, जामखेड. पाऊस कमी, जमीन हलकी, एक खरीप पदरात पडलं तर पडलं. दसऱ्यानंतर शेतात काम नाही. आपला बीड जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. धरणं, कालवे, कारखाने झाले ते पलीकडं. आपल्याकडं माणसं होती आणि बैल होते. सुरुवातीला जे गेले ते बैलगाडीवालेच. स्वतःची गाडी, स्वतःची बैलजोडी, तोडायचं आणि वाहायचं दोन्ही. म्हणजे ते अगदी भूमिहीन नव्हते, कोरडवाहू शेतकरीच होते. पुढं कारखान्यांनी टायरगाड्या दिल्या, मग ट्रक आले, ट्रॅक्टर आले. ट्रकमध्ये डोक्यावरून मोळ्या भरणाऱ्यांना 'डोकी' म्हणायला लागले. बघा, माणसाला एकदा कोयता म्हटलं, एकदा डोकं म्हटलं.

मग आला १९७२ चा दुष्काळ. माझी आजी त्याच्याबद्दल बोलायची तेव्हा सालाचं नाव घ्यायची नाही, 'खडीचं साल' म्हणायची. खडी फोडायची, तलावाची माती वाहायची, सुकडी खायची आणि लाल मिलोच्या भाकरी. त्या दुष्काळातच राज्यातली रोजगार हमीची कल्पना मोठी झाली. वि. स. पागे यांनी ती मांडली होती. पुढं तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम. त्या कामावर बायका फार मोठ्या संख्येनं गेल्या. मला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. हमीच्या कामावर हजेरीपट असायचा आणि त्यावर प्रत्येक मजुराचं नाव असायचं. माझ्या आजीचं नाव सरकारी कागदावर पहिल्यांदा लागलं ते त्या हजेरीपटावर. तिला वाचता येत नव्हतं, पण मुकादमानं नाव पुकारलं की ती 'हाय' म्हणायची, हे ती आम्हाला करून दाखवायची.

पण हमीचं काम बारमाही नव्हतं, पैसे उशिरा मिळायचे. कारखान्याचा मुकादम मात्र पैसे आधी द्यायचा. आजारपण, लग्न, बैल, घरावरचे पत्रे, यातलं काहीही असो, पैसे हातात. बहात्तरनंतर गावंच्या गावं कारखान्याला जायला लागली ती या उचलीच्या बळावर. माझे आजी-आजोबा गेले, मग आई-वडील गेले. वंजारी, बंजारा, मराठा, धनगर, दलित, सगळ्याच समाजांतली माणसं या वाटेनं गेली. आज राज्यातल्या ऊसतोड मजुरांचा आकडा दहा लाखांच्या घरात सांगितला जातो. काही सांगली-कोल्हापूरकडं जातात, काही कर्नाटकात. खानदेशातले आदिवासी मजूर दक्षिण गुजरातच्या कारखान्यांकडं जातात. तिथंही जोडीला कोयताच म्हणतात.

आता उचलीचा हिशोब करू. आपल्या गटात आपण व्याजाचा हिशोब करतोच, तसाच. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. आधी टनाला २७३ रुपये होते, ते ३६६ च्या आसपास गेले. समजा, एका कोयत्यानं ८० हजार उचल घेतली. ८० हजार भागिले ३६६, म्हणजे साधारण २१९ टन. एक जोडी चांगल्या फडात दिवसाला दोन टन तोडते. म्हणजे ११० दिवस, एकही खाडा न करता, नुसती उचल फेडायला. शिवाय तिथं राहायचं, खायचं, दवाखाना करायचा. त्यासाठी मधे मधे खर्ची घ्यायची, तीही उचलीतच चढते. पाऊस पडला, कारखाना बंद पडला, फड पडलेला निघाला, की टन कमी. पट्टा पडताना हिशोब होतो तेव्हा बऱ्याच जणांच्या अंगावर बाकी निघते. बाकी निघाली की पुढच्या सालीही त्याच मुकादमाकडं. दिवसाचे दोन टन धरले तर जोडीला ७३२ रुपये पडतात. माणशी ३६६. आणि दिवस पहाटे चारला सुरू होतो, गाडी रात्री आली तर रात्री भरावी लागते.

या दिवसात बाईचं काम काय असतं, ते मी लहानपणी बघितलंय. गडी ऊस खालून तोडतो. बाई पाचट सोलते, वाढं छाटते, मोळी बांधते आणि डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेते. गाडी भरताना फळीवरून चढते. हे झालं फडातलं. त्याआधी पहाटे उठून भाकरी, पाणी, लेकरांचं. त्यानंतर कोपीवर येऊन पुन्हा चूल. कोपी म्हणजे बांबू आणि तट्ट्याची, आता ताडपत्रीची. वाकून आत जायचं. संडास नाही, न्हाणी नाही. संध्याकाळी वाढ्याच्या पेंढ्या विकायच्या, त्याचे रोख पैसे येतात. मीठ-मिरची त्यावर चालते. पूर्ण हंगामात बाईच्या हाताला जो पैसा लागतो तो बहुतेक एवढाच. टनाचा पैसा तिच्या हातात येतच नाही, कारण तो दसऱ्याआधीच गड्याच्या नावावर देऊन झालेला असतो.

इथं आपल्या वहिनीच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. कारखान्याच्या दृष्टीनं करार होतो तो मुकादमाशी किंवा वाहतूकदाराशी. मजूर कारखान्याच्या नोकरीतच नाही. मुकादमाच्या दृष्टीनं व्यवहार होतो तो घरच्या कर्त्या पुरुषाशी. बाईचं काम त्यात धरलेलं असतं, नाव धरलेलं नसतं. दोन पायऱ्यांवर माणूस गळतो: पहिल्या पायरीवर मजूर आणि दुसऱ्या पायरीवर बाई. १९७६ साली या देशात दोन कायदे झाले. एक वेठबिगारी संपवणारा, त्यात आगाऊ पैसे देऊन माणसाला बांधून ठेवणं हा गुन्हा ठरला. दुसरा बाई-पुरुषांना समान कामाला समान मजुरी देणारा. पण ज्या कागदावर बाईचं नावच नाही, तिची मजुरी समान आहे की कमी, हे मोजायचं कसं?

ऊसतोड कामगार गप्प बसले असं मात्र नाही. बबनराव ढाकणे, गोपीनाथ मुंडे यांच्यासारखे नेते याच पट्ट्यातून पुढं आले. लाल बावट्याच्या संघटना होत्या, आहेत. कोयता बंद ठेवून संप झाले, दर वाढले, करार झाले, लवाद बसले. राज्यात गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झालं. मुलांसाठी पूर्वी साखरशाळा होत्या, नंतर गावातच हंगामी वसतिगृहं आली. संत भगवानबाबांच्या नावानं शासकीय वसतिगृहांची योजना झाली. हे सगळं झगडून मिळालेलं आहे. पण जुन्या मागण्या काढून बघा. टनाचा दर, मुकादमाचं कमिशन, बैलाचा विमा. बैलाचा विमा मागितला गेला, ते बरोबरच होतं. बाईच्या बाळंतपणाची रजा मात्र लांबच राहिली.

आता जे सांगणार आहे ते सांगायला मला जड जातं. माझ्या आईची पिशवी ती तेहतीस वर्षांची असताना काढली. पोटात दुखायचं, अंगावरून पांढरं जायचं. फडात खाडा केला की मुकादम दिवसाचे पैसे कापायचा आणि वर दंड. कारखान्याहून परत आल्यावर एका खासगी दवाखान्यात दाखवलं. डॉक्टर म्हणाले, काढली नाही तर कॅन्सर होईल. दुसऱ्या कुणाला विचारलं नाही. कुणाला विचारायचं असतं हे माहीतच नव्हतं. ऑपरेशनला पैसे लागले ते वडिलांनी पुढच्या हंगामाची उचल घेऊन भरले. त्याच दसऱ्याला आई पुन्हा फडात गेली. तेव्हापासून तिची कंबर धरली ती धरलीच, हाडं दुखतात, रात्री झोप नाही. म्हणजे ऊस तोडून आजार आला, आजार काढायला उचल घेतली, आणि उचल फेडायला पुन्हा ऊस तोडला.

मला वाटायचं, हे आमच्या घरचं दुर्दैव. २०१९ साली हा विषय देशभर गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. आपल्या बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे दर सहा बायकांमागं एक. बहुतेक ऑपरेशनं खासगी दवाखान्यांत, आणि पुष्कळ जणी चाळिशीच्या आतल्या. तो अहवाल आला तेव्हा मी आईला आकडा वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "येवढ्या जणी व्हय? मला वाटलं माझंच अंग खराब."

मैत्रिणींनो, इतिहास शिकण्याचा उपयोग मला त्या दिवशी कळला. आपलं अंग खराब नसतं. पाळीत धुवायला पाणी नाही, बसायला आडोसा नाही, बाळंतपणानंतर महिन्याच्या आत डोक्यावर मोळी, आणि लग्न तर अठराच्या आधीच. तेही का? जोडी झाली की कोयता पुरा होतो, उचल पुरी मिळते. मागं लेक कुणाजवळ ठेवायची हा घोरही असतोच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१९-२१ ला झाली, त्यात बीड जिल्ह्यात शंभरातल्या चाळीसहून जास्त मुलींचं लग्न अठराच्या आत झालेलं दिसलं. शेताच्या बांधापासून ते ऑपरेशनच्या टेबलापर्यंत ही एकच साखळी आहे.

२०२० च्या टाळेबंदीत लाखावर ऊसतोड मजूर कारखान्यांवर अडकून पडले. उन्हाळा तोंडावर, कोप्या मोडायला आलेल्या, गावात यायला बंदी. एप्रिलमध्ये शासनानं परवानगी दिली तेव्हा प्रश्न आला की नेमकी माणसं किती आणि कोणाची. तपासणी आणि याद्या करून मगच लोकांना घरी सोडलं. त्यानंतर ग्रामसेवकामार्फत नोंदणी आणि ओळखपत्र देण्याचं ठरलं. हे ओळखपत्र माणसाचं असतं, कोयत्याचं नसतं. हजेरीपटानंतर आपलं वेगळं नाव लिहायची ही दुसरी संधी आहे.

म्हणून निघायच्या आधी पाच कामं करा. एक, ग्रामपंचायतीत जाऊन स्वतःच्या नावानं ओळखपत्र मागा, नवऱ्याचं आहे ते पुरे असं म्हणू नका. दोन, उचलीच्या कागदावर दोघांची नावं लिहायला सांगा आणि त्याचा फोटो आपल्याजवळ ठेवा. तीन, एक साधी वही करा. रोज किती टन, किती खर्ची, किती खाडे. लेक सातवीत असेल तर तिच्याकडून लिहून घ्या, पण लेकीला फडात नेऊ नका, वसतिगृहाची चौकशी करा. चार, रेशन कार्ड बरोबर ठेवा, आता दुसऱ्या गावातल्या दुकानातूनही धान्य उचलता येतं. पाच, पोटाचं दुखणं असेल तर आत्ताच सरकारी दवाखान्यात दाखवा. पिशवी काढायला कुणी सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय सही करू नका. जिल्ह्यात अशा ऑपरेशनला शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायचा नियम त्यासाठीच झाला.

यातल्या दुसऱ्या कामाला मुकादम हसतील, हे मला माहीत आहे. घरातही कुणी म्हणेल, "कशाला नसता उपद्व्याप." आमच्या गटातल्या चौघींनी यंदा तसं सांगून बघितलं. दोन मुकादम नाही म्हणाले. एक म्हणाला, "लिहितो, त्यात माझं काय जातंय." त्यानं लिहिलं. त्या चौघींतली ती फोटोवाली वहिनी होती आणि तिचं नाव लागलं. उचल तेवढीच, काम तेवढंच, दरही तोच. पण चैत्रात हिशोबाला बसताना तिला बोलावावं लागेल.

माझी आई आता फडात जात नाही. दर महिन्याच्या पाच तारखेला गटाच्या बैठकीला येते. आपल्या पासबुकावरचं पहिलं अक्षर तिला ओळखता येतं. बैठकीत मी नावं पुकारते तेव्हा ती आजीसारखंच 'हाय' म्हणते.

ज्या जाणार आहात त्यांनी या रविवारी वही आणि पेन घेऊन समाजमंदिरात या. कशी लिहायची ते एकत्र बसून ठरवू.